थीम बदलली, तरी निम्म्या स्लाइड ढिम्म!

प्रश्न : आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला आहे. पुनर्विकासाच्या विशेष सभेसाठी मी पॉवरपॉइंटवर सादरीकरण करतेय. काही स्लाइड आर्किटेक्टकडून आल्यात, काही आधीच्या सचिवांच्या, उरलेल्या माझ्या. सगळ्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून ‘डिझाइन’मध्ये जाऊन थीम बदलली, तर निम्म्या बदलल्या, निम्म्या ढिम्म! आणि थीम नि टेम्पलेट यांत फरक काय?
– एक सचिव

उत्तर : सचिवबाई, दुसऱ्यांच्या स्लाइड चिकटवताना बहुधा ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ निवडलं गेलंय. मग ती स्लाइड स्वतःची थीम सोबत घेऊन येते. ‘व्ह्यू’मध्ये ‘स्लाइड मास्टर’ उघडून बघा, डावीकडे दोन-तीन मास्टर, म्हणजे स्लाइडचे मूळ साचे, मुक्कामाला आलेले दिसतील. अशा फाइलमध्ये थीमवर साधं क्लिक केलं, तर ती निवडलेल्या स्लाइडच्या मास्टरपुरतीच लागते. थीमवर राइट क्लिक करा आणि ‘अप्लाय टू ऑल स्लाइड्स’ म्हणा.

त्यानंतरही काही अक्षरं, चौकटी हटून बसतील. तिथे रंग कुठून घेतलाय ते पाहा. रंगांच्या यादीत वर ‘थीम कलर्स’ असतात, तळाशी ‘स्टँडर्ड कलर्स’ची एकच ओळ. वरचा निळा घेतलात तर पॉवरपॉइंट निळा नव्हे, त्याची थीममधली जागा लक्षात ठेवतं. थीम बदलली की त्या जागेवरचा नवा रंग येतो. तळाचा लाल मात्र कायमचा लाल. आधीच्या सचिवांना हा तळाचा लाल फार आवडत असणार, सगळ्याच सचिवांना आवडतो! तो एकेक काढून वरच्या रांगांतला रंग द्या. आर्किटेक्टचे नकाशे चित्र म्हणून आलेले असतात, त्यांना थीम लागत नाही. तसेच राहू द्या.

थीम म्हणजे रंग, फॉन्ट, इफेक्ट्स आणि पार्श्वभूमी. टेम्पलेटमध्ये हे सगळं असतंच, शिवाय मांडून ठेवलेल्या स्लाइड आणि नमुन्याचा मजकूरही असू शकतो. बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट सोफ्यासकट दाखवतात तसा. तुमचं काम झालं की ‘सेव्ह अॅज’मध्ये ‘पॉवरपॉइंट टेम्पलेट’ निवडून एक प्रत ठेवा, पुढच्या सभेला उपयोगी पडेल.

आता न विचारलेलं सांगते. जाहिरात कंपनीत वर्षानुवर्षं सादरीकरणं केली, तेव्हा पडद्यावर काय टिकतं ते ठाऊक आहे. ट्यूबलाइट चालू असलेल्या हॉलमध्ये पांढऱ्यावरचा पिवळा नि फिकट राखाडी गडप होतात. पांढऱ्यावर गडद निळी किंवा काळी अक्षरं ठेवा, ठळक दाखवायला एखादाच रंग. तयार थीमचे रंग पसंत नसतील तर ‘व्हेरिएंट्स’मधल्या ‘कलर्स’खाली ‘कस्टमाइझ कलर्स’ आहे. तिथे बारा जागा असतात : चार मजकूर-पार्श्वभूमीच्या, सहा अॅक्सेंट म्हणजे उठावाच्या रंगांच्या, दोन लिंकच्या. नवा आलेख अॅक्सेंटचेच रंग क्रमाने उचलतो, म्हणून पहिले दोन अॅक्सेंट एकमेकांपासून स्पष्ट वेगळे हवेत. जुनं कार्पेट क्षेत्र लाल आणि नवं हिरवं, असं मात्र करू नका. काहींना तो फरक दिसतच नाही. दोन्ही स्तंभांवर आकडे लिहा.

महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या निर्देशांनुसार या सभेचं चित्रीकरण होतं, तेव्हा अक्षरं कॅमेऱ्यातही वाचता यायला हवीत. हॉलमध्ये दुसऱ्याचा लॅपटॉप असेल तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’मध्ये जाऊन फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच साठवा, आणि आदल्या संध्याकाळी शेवटच्या रांगेत बसून एकदा वाचून बघा.