ऑप्शनल यादीवर लूप चालवताना

समजा, बेळगाव, खानापूर, निपाणी अशा गावांची नोंद ठेवताना तुम्ही स्विफ्ट या प्रोग्रामिंग भाषेत ‘जुनी नावे’ हा अ‍ॅरे ऑप्शनल (म्हणजे ‘निल’, मूल्यच नसलेला, असू शकणारा) ठेवला आहे, त्यामुळे त्यावर थेट फॉर लूप लिहिल्यास कंपायलर अडवणारच. यादीच्या नावापुढे ‘?? []’ लिहावे, यादी निल असल्यास रिकामा अ‍ॅरे मिळतो आणि लूप एकदाही फिरत नाही. उद्गारचिन्हाने सक्तीने अनरॅप करणे (न तपासता आतली यादी काढणे) टाळावे, कारण निल आढळताच प्रोग्राम कोसळतो. प्रश्नचिन्ह लावून फॉरईच वापरणे आटोपशीर दिसते खरे, परंतु त्याच्या क्लोजरमध्ये (त्याला दिलेल्या कोडच्या तुकड्यात) ब्रेक आणि कंटिन्यू चालत नाहीत, आणि रिटर्न लिहिल्यास केवळ त्या घटकापुरते काम थांबून पुढचा घटक सुरू होतो. नवख्यांच्या हे उशिरा लक्षात येते.

मुळात ही यादी ऑप्शनल हवी का, हेही तपासावे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले, म्हणून तिथे जुने नाव भरता येते. ज्या गावाला असे नावच नाही, त्याला रिकामी यादी पुरते. ‘जुने नाव नाही’ आणि ‘माहिती अजून मिळालेली नाही’ हा फरक पडद्यावर दाखवायचा असेल तरच निल ठेवावा, आणि तेव्हा मात्र इफ-लेटच (निल नसेल तरच आतली यादी काढणारी रचना) वापरावे, कारण ‘?? []’ हा फरक पुसून टाकते.