'ऋण सोड' म्हणजे काय? आणि तिथला 'बंधू' कोण?

कोल्हापुरातल्या एका वाचकाने विचारलंय: शेजारच्या ख्रिस्ती घरी प्रार्थनेत 'आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड' असं ऐकलं. सरळ 'क्षमा कर' का नाही? आणि ते एकमेकांना 'बंधू' म्हणतात, तो आपला 'भावा'च का?

येशूने शिकवलेली ही प्रार्थना बायबलमध्ये मत्तय आणि लूक या दोघांच्या पुस्तकांत आहे. मत्तयाच्या ग्रीक पाठातच इथे 'ऋणं' आहेत. लूकने 'पापं' म्हटलंय. क्रियापद 'आफिएमी', म्हणजे हातातून सोडून देणं. मराठी भाषांतरकार मूळ शब्दाला धरून राहिले, हे फार चांगलं झालं. संस्कृत 'क्षमा' आली 'क्षम्' म्हणजे सोसणे यावरून. सगळं सोसते म्हणून पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. पण सोसणाऱ्याच्या मनात हिशेब शिल्लक राहू शकतो. ऋण सोडणाऱ्याला तो खोडावा लागतो. आपल्या ऊसपट्ट्यात हे वेगळं सांगायला नको: सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावरून उतरला की त्या रकमेचं नाव कुणी काढत नाही. अरबीतून आलेला 'माफ' हा शब्द 'कर्जमाफी'त हाच अर्थ पेलतो.

आता 'बंधू'. ग्रीक शब्द 'आदेल्फॉस', फोड केली तर 'एकाच उदरातला'. म्हणजे हुबेहूब आपला 'सहोदर'! कोल्हापुरी 'भावा' रंकाळ्यावर भेटलेल्या अनोळखी माणसालाही लागतो, त्यात मोकळा जिव्हाळा आहे. ख्रिस्ती 'बंधू'ही रक्ताबाहेरचा, पण त्यामागे नातं धरलेलं आहे: प्रार्थनेची सुरुवातच 'आमच्या पित्या' अशी, 'माझ्या' नव्हे. बाप एक, म्हणून भाऊ. आणि भाऊ म्हटलं की वाटणी, बांध, भाऊबंदकीही आलीच. येशूचा शिष्य पेत्र याचा त्याला प्रश्न तोच आहे: भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा?

येशू त्याला एक दाखला, म्हणजे बोधकथा, सांगतो. एका दासाचं 10,000 तालांत कर्ज राजा सोडतो. तालांत साधारण 6,000 दिनारांचा आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तेव्हा हे कर्ज 6 कोटी दिवसांच्या मजुरीचं. तोच दास बाहेर पडून 100 दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. गोष्टभर तो दुसरा 'सोबतीचा दास' आहे. शेवटच्या वाक्यात येशू ऐकणाऱ्यांकडे वळतो, आणि तिथे शब्द येतो 'आपल्या बंधूला'.