बाबांची पंचाहत्तरी, कांदोळीचं रिसॉर्ट आणि वहिनीचं मौन

टोरंटोहून एका वाचक ताईंचं पत्र आहे. बाबा २०२६च्या जुलैत पंचाहत्तर पूर्ण करतात. घर डिचोलीत, तिथं आईबाबा, भाऊ आणि वहिनी. ताईंचा बेत असा की डिसेंबरात गोव्याला यावं, कांदोळीला समुद्राकाठी रिसॉर्ट घ्यावं, शे-सव्वाशे माणसं जमवावीत आणि बाबांना काही न सांगता थेट तिथं नेऊन चकित करावं. सगळा खर्च ताईंचा. भाऊ ‘बघूया’ म्हणतो, वहिनी काहीच बोलत नाही. ‘एवढं करूनही घरच्यांना उत्साह का नाही?’ असं त्या विचारतात.

ताई, तुमच्या पत्रात रिसॉर्टवर पानभर मजकूर आहे आणि बाबांवर दीड ओळ: त्यांना नाट्यगीतं आवडतात, आणि ते तारखेपेक्षा तिथी मानतात. ती दीड ओळ धरून चालूया. उत्साह नाही, कारण घरचं कार्य घरच्यांच्या हातातून गेलंय. भाऊ-वहिनी रोज बाबांच्या गोळ्या, डोळ्यांचे डॉक्टर, बँक सांभाळतात आणि पंचाहत्तरीला मात्र त्यांनी पाहुण्यांसारखं कपडे करून यायचं. यजमानपण भावाला द्या. तुम्ही हाताखाली राहा. पैसे तुमचे असले तरी.

आता तारीख. बाबांचा जन्म १८ जुलै १९५१चा, आषाढी पौर्णिमेचा, असं तुम्ही लिहिलंय. तारीख आणि तिथी साधारण दर १९ वर्षांनी जुळतात, म्हणजे बाबांना ५७ पूर्ण झाली तेव्हा जुळली असेल, पुन्हा ७६ पूर्ण होतील तेव्हा जुळेल. २०२६ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी पौर्णिमा २९ जुलैवर गेली आहे. तो बुधवार, गुरुपौर्णिमेचा. त्या दिवशी घरापुरतं करा: सकाळी कुलदेवाला अभिषेक, गाऱ्हाणं (देवापुढची विनवणी), घरी ७५ दिव्यांचं ओवाळणं. वयाची शांत, म्हणजे शांतिविधी, करायची असेल तर पंचाहत्तरीची ती ऐंद्री शांत (साठीची उग्ररथ, सत्तरीची भैमरथी). ती पंचाहत्तरावं लागताना करायची की पूर्ण झाल्यावर, हे घराघरांत वेगळं असतं, तेव्हा टोरंटोत बसून व्हिडिओ पाहून ठरवू नका. तुमच्या घरच्या भटजींना भावाने विचारावं. माणसं जमवायची ती रविवारी, २ ऑगस्टला.

पावसाची भीती तुम्हाला वाटते, ती खोटी नाही. पण डिसेंबरात नाताळ-नवीन वर्षाची गर्दी असते, विमानाचं तिकीट आणि खोल्यांचे भाव दोन्ही डोक्यावरून जातात, आणि बाबांचा वाढदिवस होऊन पाच महिने उलटलेले असतात. तुमच्या मुलांना जुलै-ऑगस्ट सुट्टी आहेच. चवथीला जोडू असंही कुणी सुचवेल, पण यंदा चवथ १४ सप्टेंबरला, तोवर मुलांची शाळा सुरू झालेली असेल. शिवाय चवथीत गणपती हाच उत्सवमूर्ती. बाबा कोपऱ्यात राहतील. पावसात एवढंच करा की निदान चार दिवस आधी पोचा. ढगांमुळे विमान दुसरीकडे वळतं, कधी रद्दही होतं. डिचोलीला दाबोळीपेक्षा मोपाचा विमानतळ सोयीचा. मुलांचे पासपोर्ट कॅनडाचे असतील तर त्यांचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाऐवजी मिळतं ते) आजच काढून बघा. नसेल तर अर्ज करायला उशीर नको.

जागेचं म्हणाल तर बाबांच्या वयाच्या किती मित्रांना रात्री डिचोलीहून कांदोळीला जाऊन परत यायला जमेल? येतील ते तुमचे वर्गमित्र. घरापुढे मंडप घालता येत असेल तर उत्तमच, पण पावसात वरचं छप्पर पत्र्याचं घ्या, ताडपत्रीवर साचलेलं पाणी ऐन पंक्तीत कोसळतं. घर लहान असेल तर देवस्थानाची अग्रशाळा (भाविकांच्या उतरण्याची जागा) किंवा सभागृह बघा. तिथं मासे चालत नाहीत हे धरूनच चला.

जेवणाचा वाद होणारच, म्हणून आत्ताच मिटवा. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. २ ऑगस्टला बंदी उठलेली असेल, पण समुद्र खवळलेला असला तर बोटी जात नाहीत, आणि ‘रविवारी इसवण (सुरमई) हवंच’ म्हणणारे काका रुसतात. शंभर पानांना बर्फातली मासळी घालण्यापेक्षा शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण करा: मुगागाठी, खतखतं, अळूचं तोंडाक, सोलकढी, शेवटी गोडाला मणगणं. पावसात अळू परसातच असतं. मासे खायचेच तर सोमवार टाळून, नंतर घरच्या घरी, नदीतले ‘शेवटे’ नावाचे मासे मिळाले तर ते.

स्वयंपाकाला आचारी लावा. त्याच्या जोडीला वाढायला चार माणसं आणि दुसऱ्या दिवशी घर, भांडी, अंगण आवरायला दोन बायका. याचे पैसे वेगळे धरा आणि हिशेब भावाकडे ठेवा. वहिनीच्या गप्प राहण्याचं निम्मं कारण इथं असतं: परदेशातली नणंद येते, घर भरतं, फोटो निघतात, ती विमानात बसते आणि उष्टी काढायला वहिनी उरते. तिला फोन करा. भावाला नव्हे, तिला. ‘काय करूया?’ म्हणून विचारा आणि तिने सांगितलेलं निदान एक तरी तसंच्या तसं होऊ द्या.

चकित करण्याचा बेत सोडा. पंचाहत्तरीच्या माणसाला आपल्या घरचं आवतण आपल्या तोंडाने द्यायचं असतं, वाड्यावर, म्हणजे वस्तीत, फिरून, जमेल तिथं बसून चहा घेऊन. यादीही त्यांनाच ठाऊक. तुम्ही केलीत तर नेमका तो माणूस सुटेल ज्याच्यासोबत ते पोर्तुगीज काळात मराठी शाळेत बसले होते. आणि गोव्यात घराण्यागणिक एखादी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचं प्रकरण, कोर्टात पडलेली असतेच. ज्या चुलतभावाशी जमिनीवरून तारखा चालल्यात त्याला बोलवायचं का, हे तुम्ही ठरवू नका. बाबांनी बोलावलं तर कदाचित तो येईल. तुम्ही बोलावलंत तर त्यामागे काय डाव आहे याचाच तो विचार करत बसेल.

नाट्यगीतांसाठी बाहेरून गायक आणायची गरज नाही. पेटी वाजवणारा आणि तबलजी तुमच्या आसपासच्या दोन वाड्यांत मिळेल, आणि गाणारे तर हवे त्याहून जास्त. दुपारी जेवणानंतर चारला बसा. लाउडस्पीकर नको, रात्री दहानंतर उघड्यावर तो कायद्यानेच बंद, आणि तोपर्यंत म्हातारी मंडळी झोपलेली बरी. बाबा स्वतः गायला बसले तर मोबाइल खाली ठेवा. भाषणं दोनच. पीपीटी तर नकोच नको.

मुलं पंधरा दिवस राहणार असतील तर त्यांना बाबांजवळ एक काम द्या. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा बाबा दहा वर्षांचे होते. त्यांनी त्या दिवशी काय पाहिलं, शाळा बंद होती का, घरात कोणते पैसे चालायचे, हे मुलांनी विचारावं आणि रेकॉर्ड करावं. मराठीत अडखळले तर अडखळू द्या, मध्ये तोंड घालू नका. जमल्यास नागपंचमीपर्यंत, म्हणजे १७ ऑगस्टपर्यंत थांबा. हळदीच्या पानातल्या पातोळ्या आजीच्या हाताखाली बसून करायला मिळतील.

मस्कतच्या एका वाचकांचं पत्र लहान आहे, पण ते अडकलेत जास्त. आई केप्याला, ऐंशी पूर्ण. वडील जाऊन पाच वर्षं झाली. भावंडांना सहस्रचंद्रदर्शन करायचंय, पण थोरले काका म्हणतात की जोडपं नाही तर विधी कसला.

वयाची शांत त्या माणसाच्या आयुष्यासाठी असते, लग्नासाठी नव्हे. यजमान म्हणून मुलगा-सून बसतात आणि आईच्या नावाने संकल्प होतो. असं करणारे भटजी गोव्यात आहेत. तुमचे नाही म्हणाले तर दुसरे बघा. दिवसाचीही घाई नाही. हजार पौर्णिमा भरायला साधारण ८० वर्षं १० महिने लागतात, त्यामुळे बहुतेक घरं एक्याऐंशीव्या वर्षात सोयीचा दिवस काढतात. रजा बघून ठरवा. मध्ये सोयर-सुतक आलं तर विधी पुढे ढकला, मात्र तिकिटं काढून आलेल्यांनी आईजवळ राहावं आणि साधं जेवण करावं.

काकांना समजावण्यात शक्ती घालवू नका. त्यांना पहिल्या पंक्तीत मानाने बसवा. खरं विचारायचं ते आईला. तिला ओवाळून घ्यायचंय का, कुंकू लावलेलं आवडेल का, नवी साडी कुठल्या रंगाची हवी. कुणी चारचौघांत एकदम करंडा पुढे केला तर ती संकोचाने मागे सरेल आणि सगळे म्हणतील, ‘बघ, तिलाच नको होतं.’ म्हणून आधी विचारा, एकट्याने, दुपारी घरात कुणी नसताना. आणि फोन स्पीकरवर ठेवलेला नाही ना, याची खात्री करून.