मुलाखतीला जिभेआधी हात बोलतो

प्रश्न : माझी बीडीएसची इंटर्नशिप संपली आहे. कॅपिड या परदेशी डेंटिस्टांसाठीच्या सामायिक अर्ज-व्यवस्थेमार्फत अर्ज केला होता, त्यातून अमेरिकेतल्या एका डेंटल स्कूलचं मुलाखतीचं बोलावणं आलंय. त्याच दिवशी बेंच टेस्ट, म्हणजे नकली दातांवर हाताची परीक्षा आहे : खालच्या पहिल्या दाढेवर क्राउन प्रेप (कॅप बसवण्यासाठी दात कापून आकार देणं) आणि वरच्या दाढेवर अमॅलगमची क्लास टू (चांदीच्या भरावासाठी शेजारच्या दाताकडच्या बाजूपर्यंतचा खड्डा). व्हिसा आधीचाच आहे. हातात सहा आठवडे आहेत. प्रश्नांची तयारी करू की प्रेपची?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पहिले चार आठवडे प्रेपचे. बोलण्यात अडखळलात तर सावरून घेता येतं. शेजारच्या दाताला बर (दात कापायचं फिरतं टोक) लागला की तो ओरखडा परीक्षकाच्या भिंगाखाली तसाच राहतो.

आपल्याकडच्या मुलांचं कुठे अडतं ते आधी सांगतो. ओपीडीतून जमवलेले खरे दात प्लास्टरमध्ये बसवून, मॉडेल हातात धरून सराव केलेला असतो. तिथे टायपोडोंट (नकली दातांचा जबडा) फँटम हेडमध्ये (माणसाच्या डोक्याच्या पुतळ्यात) घट्ट बसवलेला असतो, गालाचं रबर मध्ये येतं आणि मॉडेल काढून हातात घेणं चालत नाही. वरची दाढ आरशात बघूनच कापावी लागते. तेव्हा कॉलेजच्या प्रीक्लिनिकल लॅबमध्ये संध्याकाळी बसण्याची रीतसर परवानगी काढा आणि पहिल्या दिवसापासून मॉडेल हेडमध्येच ठेवा. सरावाला प्लास्टिकचेच दात घ्या, आणि कोणत्या कंपनीचा टायपोडोंट असेल ते त्या स्कूलला ईमेलने विचारा. प्लास्टिकला इनॅमलचा कडकपणा नसतो. जोर दिला की बर भसकन आत जातो, एका जागी थांबला की प्लास्टिक वितळून बरला चिकटतं. हलक्या हाताने, पिसासारखं फिरवायचं. तिथे बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रिक हँडपीस (बर फिरवणारं यंत्र) असतो. आपला हवेवर चालणारा एअररोटर दाबला की मंदावतो, तो मंदावत नाही, त्यामुळे चुकीचा दाबही तो इमानाने कापून दाखवतो. वजनालाही जड असतो. कुणाच्या क्लिनिकमध्ये मिळाला तर दोन-तीन दिवस हात बसवून घ्या.

आता मापं. क्लास टूला पल्पल फ्लोअर (खड्ड्याचा तळ) १.५ ते २ मिमी खोल. ३३० नंबरच्या बरचं डोकं साधारण १.५ मिमी लांब असतं, म्हणजे डोकं पूर्ण बुडालं की खोली आली. २४५ नंबरचं ३ मिमी, ते निम्मं बुडवायचं. वेगळी मोजपट्टी लागत नाही. बॉक्स (खड्ड्याचा शेजारच्या दाताकडचा खोल कप्पा) आणि शेजारचा दात यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची फट हवी, एक्सप्लोररचं (दात तपासायच्या टोकदार सळीचं) टोक जेमतेम जाईल एवढीच. बॉक्स कापताना शेजारच्या दाताला मॅट्रिक्स बँड (धातूची पातळ पट्टी) लावा आणि शेवटची पातळ भिंत बरने न कापता हॅचेटने (हाताने चालवायच्या धारदार अवजाराने) मोडा. निम्मे ओरखडे इथेच टळतात.

क्राउन कोणता, हे पत्रात नीट वाचा. पीएफएम (धातूवर पोर्सेलिन) असेल तर ऑक्लुजल (चावायच्या बाजूला) १.५ ते २ मिमी, बकल (गालाच्या) बाजूला १.२ ते १.५ मिमीचा शोल्डर (सपाट पायरी) आणि लिंग्वलला (जिभेच्या बाजूला) धातू असेल तर अर्ध्या मिलिमीटरचा चॅम्फर (गोलसर कड). ऑल सिरॅमिक असेल तर सगळीकडून साधारण १ मिमीची एकसारखी मार्जिन (प्रेपची खालची कड) आणि सगळे कोपरे गोल. टेपर (भिंतींचा वर निमुळता होणारा उतार) एकूण ६ ते १० अंशांचा डोळ्यासमोर ठेवा. घाईत तो वाढतो आणि दाताचा सुळका होतो. खालच्या दाढेचे फंक्शनल कस्प (चावताना भार घेणारे उंचवटे) बकल बाजूचे, त्यांचा बेव्हल (तिरका काप) विसरणं ही नेहमीची चूक. बाकीचं प्रेप कितीही देखणं असलं तरी त्या कोपऱ्यात क्राउन पातळ पडतो.

कापण्याआधी पुट्टी इंडेक्स (न कापलेल्या दाताचा पुट्टीतला साचा) घ्या आणि तो साचा दाढेच्या मधोमध उभा चिरा. प्रेपवर बसवला की कुठे किती कापलं ते फटीतूनच दिसतं. टेस्टमध्ये तो चालतो का, हे मात्र आधी विचारायला हवं. अंडरकट (आत वळलेली भिंत, जिच्यामुळे क्राउन बसत नाही) बघायचा तर एक डोळा मिटून, वरून सरळ बघा. सगळी मार्जिन एकाच नजरेत दिसली पाहिजे. दोन्ही डोळे उघडे ठेवले की एक डोळा लपलेली बाजू भरून काढतो आणि अंडरकट दिसतच नाही.

शेवटचे दोन आठवडे घड्याळ लावून. वेळेचा शेवटचा पाचवा हिस्सा फक्त फिनिशिंगला ठेवायचा. त्या वेळात नवं काही कापायचं नाही.

बोलण्याच्या तयारीला रोज अर्धा तास पुरे. ‘आमचंच स्कूल का?’ याचं उत्तर त्या स्कूलच्या क्लिनिकबद्दल, तिथल्या कम्युनिटी कामाबद्दल असावं. शहराच्या हवेबद्दल नको. सहकाऱ्याची चूक दिसली तर काय कराल, रुग्णाला खर्च परवडत नसेल तर काय, असले प्रश्न हमखास येतात. पाठ केलेलं उत्तर तिसऱ्या वाक्याला उघडं पडतं. कोल्हापूरकरांचं आडपडदा न ठेवता बोलणं इथे उलट कामाला येतं, फक्त दीड मिनिटात थांबा.

बर, एक्सप्लोरर, हॅचेट हे सगळं चेक-इनच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत ठेवलंत तर सुरक्षा तपासणीत अडकेल. लूप्स (भिंगाचा चष्मा) मात्र जवळ ठेवा, आणि सराव केला तेच न्या.

प्रश्न : मुलीला नीटमध्ये बेताचे गुण आहेत. एका माणसाचा फोन आला, ‘कॉलेजात बीडीएसची मुलाखत लावून देतो, टोकन भरा, मॅनेजमेंटची जागा पक्की.’ मुलाखतीला काय काय न्यायचं?
— एक पालक, इचलकरंजी

उत्तर : काही नेऊ नका, टोकनही भरू नका. आपल्याकडे बीडीएसला मुलाखत नसते. प्रवेश नीट यूजीच्या गुणवत्तेवरच. नवे पारगावच्या तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेजसारख्या राज्यातल्या खासगी कॉलेजांच्या जागा राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्यांतून भरतात, मॅनेजमेंट कोट्याच्याही. कराडच्या कृष्णासारख्या अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्राच्या एमसीसीच्या (मेडिकल कौन्सेलिंग कमिटीच्या) समुपदेशनातून. कॉलेजची फी ‘शुल्क नियामक प्राधिकरणा’ने ठरवलेली आहे का ते बघा; अभिमत विद्यापीठांचं गणित वेगळं आणि बहुधा जड.

जागा मिळाल्यावर कॉलेजात जाणं असतं ते मूळ कागद घेऊन : नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्व आणि डोमिसाईल, माहितीपत्रकातल्याच नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र. राखीव जागा असेल तर जात वैधता. घोळ होतो तो नॉन-क्रिमीलेअरचा, मुदत उलटलेली असते आणि ते मुदतीच्या शेवटच्या दुपारी लक्षात येतं.

पसंतीक्रम भरण्याआधी मात्र कॉलेज बघून या, आणि कामाच्या दिवशी सकाळी दहा-अकराला जा. ओपीडीत बाकांवर पेशंट किती, ते मोजा. मग एखाद्या इंटर्नला गाठून विचारा, ‘ठरलेल्या कामांचा कोटा पूर्ण व्हायला पेशंट मिळतात का, की स्वतः शोधून आणावे लागतात?’ इमारतीच्या संगमरवरापेक्षा या उत्तराला जास्त किंमत. अवजारं बंद पाऊचमधून निघतात की ट्रेमध्ये उघडी पडलेली असतात, हेही जाताजाता दिसतं.

प्रश्न : मुलाखतीला साडी चालेल का? बेंच टेस्टही त्याच दिवशी आहे.
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : मुलाखतीला खुशाल नेसा. टेस्टसाठी स्क्रब्ज आणि बंद बूट वेगळ्या पिशवीत ठेवा, बदलायला पंधरा मिनिटं धरा. नखं कापलेली, नेलपॉलिश नाही, अंगठ्या-बांगड्या हॉटेलवर. केस मागे घट्ट बांधा. फँटम हेडवर वाकलं की सुटलेली बट थेट हँडपीसकडे जाते.