कूलरवर लिहिलेल्या व्होल्ट-अँपिअरवरून रेझिस्टन्स आणि पॉवर काढता येते का, की हे सूत्र फक्त पुस्तकापुरतंच?

तुमच्या कूलरच्या मोटरवर 230 व्होल्ट, 0.8 अँपिअर लिहिलंय आणि त्यावरून रेझिस्टन्स आणि पॉवर काढायची आहे, एवढंच विचारलं असतं तर मी दोन ओळींत मोकळी झाले असते. व्होल्टला अँपिअरने भागा, ओहम मिळतात. गुणा, वॉट मिळतात. पण तुम्ही पुढे 'की हे फक्त पुस्तकापुरतंच' असं जोडलंय, आणि ते मला लागलं. हेच मी माझ्या ताईच्या घरात उभी राहून ऐकलेलं आहे.

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला. अकरा वर्षं झाली, नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत पॅनल वायरिंग करते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मानेवाड्याला ताईकडे गेले होते. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधला 2000 वॉटचा गिझर पाणी तापवायला फार वेळ घ्यायचा आणि जिन्याजवळ अधूनमधून जळका वास यायचा. भाऊजींनी निकाल देऊन टाकला होता, कॉइल गेली, नवीन घ्यायचा. त्यांनी गिझर बंद करून पॉइंटवर मीटर लावलं, 229 व्होल्ट आले. "पाह्य, सप्लाय बरोबर येऊन रायला. एमसीबीही (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) पडली नाही. मग दोष गिझरचाच ना?"

मी म्हटलं, गिझर चालू ठेवून मोजू. ते म्हणाले, "काय पुस्तकी गोष्टी करून रायली तू!"

मी मोजलं. पाणी तापत असताना खालच्या बोर्डावर 228 व्होल्ट होते आणि वर, प्लेट उघडून, पॉइंटवर 208. टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं मीटर, फक्त फेजच्या वायरभोवती लावला (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडले तर शून्यच दिसतं), करंट 7.9 अँपिअर. आता 208 ला 7.9 ने भागा. 26.3 ओहम. 2000 वॉटच्या गिझरचा रोध, म्हणजे रेझिस्टन्स, किती हवा? व्होल्टचा वर्ग भागिले वॉट, 230 चा वर्ग भागिले 2000, म्हणजे 26.45. कॉइल ठणठणीत होती. तिला मिळत होते 208 गुणिले 7.9, म्हणजे 1643 वॉट. मग पाणी उशिरा तापणारच.

उरलेले 20 व्होल्ट वाटेत जात होते. 20 भागिले 7.9, अडीच ओहम. वरचा मजला नंतर बांधलेला, त्यामुळे खालच्या बोर्डापासून वरपर्यंत चौदा मीटर वायर नेलेली, तीही 1 चौरस मिलिमीटरची. तांब्याच्या अशा वायरचा रोध मीटरला 0.018 ओहम धरा. जाऊन-येऊन अठ्ठावीस मीटर, म्हणजे अर्धा ओहम. राहिलेले दोन ओहम एकाच ठिकाणी असणार, आणि ते जिन्याजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये सापडले. नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेला जॉइंट, टेप वितळलेली, तांबं काळं पडलेलं. तिथे उष्णता होऊन जाणारे वॉट म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. 7.9 चा वर्ग गुणिले 2, जवळजवळ सव्वाशे वॉट. मी कामावर वापरते ती सोल्डरिंग आयर्न 25 वॉटची आहे. तशा पाच, लाकडी पॅनलच्या मागे, रोज सकाळी चालू.

भाऊजींचे दोन्ही पुरावे इथेच पडतात. गिझर बंद असताना करंट नाही. करंट नाही म्हणजे खराब जॉइंटमध्येही व्होल्ट गळत नाहीत, आणि पॉइंटवर पूर्ण 229 दिसतात. एमसीबीला कळतो तो करंट, आणि वाढलेल्या रोधाने तो कमी झाला होता, 8.7 च्या जागी 7.9. 16 अँपिअरची एमसीबी कशाला पडेल? वायरिंग करणाऱ्यांमध्ये निम्म्यांना हे माहीत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

4 चौरस मिलिमीटरची वायर मधे जॉइंट न ठेवता ओढली. नंतर पॉइंटवर 227 व्होल्ट, 8.6 अँपिअर. गुणाकार तुम्हीच करा. तोच गिझर आजही चालू आहे. भाऊजी मात्र अजून म्हणतात की कॉइल तेव्हा 'कमजोर'च होती.

आणि पुस्तकी म्हणजे काय? हे सूत्र ज्याच्या नावाचं, तो ओहम जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवायचा. वेगवेगळ्या लांबीच्या तारा एकेक जोडून त्याने मोजमाप केलं आणि 1827 मध्ये त्यावर पुस्तक छापलं. सुरुवातीला त्याच्याच देशात फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं ते 1841 मध्ये. सूत्र तारेवरून पुस्तकात गेलंय.

आता तुमचा कूलर, तो राहिलाच. 230 भागिले 0.8 म्हणजे 287.5 आणि गुणाकार 184. पण गिझरचा हिशेब मोटरला जसाच्या तसा लावू नका. मोटरमध्ये वाइंडिंग असतं, एसीवर ते तारेच्या रोधाखेरीज वेगळाही अडथळा करतं. म्हणून 184 हे व्होल्ट-अँपिअर झाले, खरे वॉट त्याहून कमी, पॉवर फॅक्टरने (व्होल्ट-अँपिअरपैकी किती हिस्सा खरे वॉट, तो एकाहून लहान आकडा) गुणून येतील. प्लग काढून मल्टिमीटरने वाइंडिंग मोजलंत तर 287 पेक्षा बरेच कमी ओहम दिसतील. त्यावरून मोटर जळाली असं ठरवू नका. जुन्या 100 वॉटच्या बल्बचंही तसंच, पेटलेला असताना 529 ओहम, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

आणि चालू लाइनवर प्लेट उघडायचं काम ज्याला हात बसलाय त्यालाच करू द्या. जॉइंट उघडताना मेन बंद. पण जो येईल त्याला लोड चालू ठेवून दोन्ही टोकांना मोजायला लावा, तो वैतागला तरी. बंद गिझरवरचे 229 व्होल्ट मला कोणी दाखवू नयेत.