दहावीनंतर काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा मराठी शाळेत दहावीला आहे. मोबाईलवरच्या चाचणीत तो ‘अंतर्मुख’ निघाला. इंजिनियरिंग जमेल का? – एक आई, खानापूर

ताई, जमेल. अबोल असणं वेगळं आणि काम न येणं वेगळं. स्वभावाचे सोळा प्रकार सांगणारी ती चाचणी अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी तयार केली. महिन्याभराने पुन्हा दिली, तर कित्येकांचा प्रकारच बदलतो. शिवाय, चाचणी कोणत्या भाषेत दिली? माझ्यासमोर एका मुलीने इंग्रजी प्रश्नावलीत ओळीने ‘सांगता येत नाही’वर खुणा केल्या होत्या. तेच प्रश्न मी मराठीत वाचून दाखवले. ‘लोकांना वस्तू विकायला आवडेल का?’ म्हटल्यावर ती ताडकन म्हणाली, “जत्रेत आम्ही दुकान लावतोच की!” आपल्या सीमाभागातल्या मुलांना घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि चाचणी इंग्रजीत. भाषेमुळे झालेल्या गोंधळाला त्यांचा स्वभाव समजू नका.

प्रश्न : हॉलंड चाचणीत मला हाताने काम करणाऱ्यांचा गट आला. गाड्या खोलायला आवडतं. घरचे म्हणतात, पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सच घे. – विद्यार्थिनी, निपाणी

बाळ, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली मांडलेल्या सिद्धांतातले सहा गट आवड सांगतात, कुवत नाही. तेव्हा सुट्टीत ओळखीच्या गॅरेजमध्ये आठ दिवस पूर्णवेळ काम कर. गंजलेला एक बोल्ट अर्धा तास हलत नाही, नखांत ग्रीस जातं, पाठ धरते. तरीही उद्या परत यावंसं वाटलं, तर घरी ठामपणे सांग. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा दिलीस, तर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणजे घरच्यांना हवी ती पदवीही होते. बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीनशॉप बाबांना एकदा दाखव. गणित मात्र सोडू नकोस. मुलगी म्हणून कुणी नाक मुरडलं, तर मुरडू दे.

प्रश्न : बोटांचे ठसे घेऊन मुलीचं करिअर सांगतात. करावी का ही चाचणी? – पालक, बेळगाव

नको. ते पैसे वाचवा. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. मुलीची आवड आठवीत एक, दहावीत दुसरी. ठशांवरून करिअर कळतं याला शास्त्रीय आधार नाही. त्यापेक्षा तिला बँक, कोर्ट, छापखाना, पॅथॉलॉजी लॅब अशा चार ठिकाणी नेऊन आणा. परतताना ती कुठल्या जागेबद्दल सारखं विचारते, ते वहीत टिपून मला कळवा.