दर वर्षी कांदे मीच का चिरायचे?

मावशी, प्रभूमध्ये सलाम. आमच्या चर्चच्या तरुण संघाचं शिबिर दर मे महिन्यात पाचगणीला भरतं. सेवक म्हणून जायला लागले तेव्हापासून माझी नेमणूक स्वयंपाकघरात. पहाटे चहाचं आधण, मग ऐंशी जणांचे पोहे, रात्री पातेली. प्रवचन खिडकीतून तुटक तुटक कानावर पडतं. यंदा गटचर्चा घेऊ का म्हणून विचारलं, तर संचालक हसले, "मग पोहे कोण करणार?" शेवटच्या संध्याकाळी वक्त्यांना, गाणाऱ्यांना पुढे बोलावून फुलं दिली. आम्ही तेव्हा भांडी घासत होतो. आई म्हणते, प्रभूसाठी करतेस ना, मग तक्रार कसली? मला माझीच लाज वाटते. आठवीतली एक मुलगी मात्र रोज लसूण सोलायला येऊन बसायची आणि घरचं काही काही सांगायची. पुढच्या वर्षी जाऊ की नको?
– पडद्यामागची

सलाम, पोरी.

लाज आधी बाजूला ठेव. आपल्यालाही कुणी हाक मारावी असं वाटलं, एवढंच ना? लग्नघरातसुद्धा पंगती उठल्यावर आचाऱ्याला बोलावून नारळ देतात.

आईला बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचून दाखव. यरुशलेमेतल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत कुरकुर झाली ती अन्नावरूनच. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. येशूच्या बारा प्रेषितांनी "तक्रार कसली" असं म्हटलं नाही. सात माणसं निवडून पंगतीची सेवा त्यांच्यावर सोपवली. त्यांतला स्तेफन पुढच्याच अध्यायात न्यायसभेपुढे केवढं लांब भाषण करतो! त्यांतलाच फिलिप्प तर शोमरोन प्रांतात जाऊन सुवार्ता सांगतो. ज्यानं पंगत वाढली त्यानं बोलायला उठू नये, असं तिथं कुणाला सुचलं नव्हतं. आणि ते सातही पुरुष होते, बरं का. आपल्याकडे पंगत म्हटली की यादीत पोरींचीच नावं का येतात, हे संघाच्या बैठकीत कुणीतरी विचारायला हवं.

पाहुणचाराच्या कामात गुंतलेल्या मार्थेला येशूनं हटकलं होतं, असा दाखला देऊन कुणी तुला गप्प करायला आलं, तर योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढ. 'तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस' ही कबुली तिथं त्याच मार्थेच्या तोंडी आहे.

संचालकांनी पोह्यांचं कौतुक करून तुझा प्रश्न टोलवला. शिबिराच्या धावपळीत विचारलं की असंच होतं. पुढच्या शिबिराच्या तयारीची पहिली बैठक बसेल तेव्हा बोल, आणि शक्य तर लेखी दे. नुसतं 'मला गटचर्चा हवी' एवढ्यावर थांबू नकोस, स्वयंपाकघराचं कसं भागेल तेही सांग. मुलगे आणि मुली मिळून दोन पाळ्या करायच्या, जेवणानंतरची भांडी शिबिरार्थींच्या गटांनी आळीपाळीनं घासायची, सकाळच्या मुख्य सत्राच्या वेळी कुणालाच चुलीपाशी ठेवायचं नाही. वर्गणी थोडी वाढवून एक आचारी लावला तरी काही बिघडत नाही. तरीही नाहीच म्हणाले, तर एक वर्ष शिबिराला जाऊ नकोस. रागानं नको, नीट सांगून. पोहे कसे होतात ते त्यांनाही कळू दे.

पण स्वयंपाकघर अगदीच सोडू नकोस, एखादी पाळी ठेव. ती लसूण सोलणारी मुलगी व्यासपीठावरच्या कुणाकडे गेली नाही, तुझ्याकडे आली. हातांना काम असलं आणि समोरचा डोळ्यांत रोखून बघत नसला की पोरं बोलतात. तू पत्रात तिला दोन ओळींत उरकलंस. माझं लक्ष मात्र तिथंच अडकलं आहे. घरचं म्हणजे नेमकं काय सांगायची? आईबाबांची भांडणं असतील, तर तू ऐकून घेतलंस हेच पुष्कळ. पण मारहाण किंवा कुणी नको तसा हात लावणं असलं काही असेल, तर ते तुझ्या पोटात ठेवायचं नाही, 'कुणाला सांगणार नाही' असं वचनही द्यायचं नाही. जबाबदार बाईंना, चर्चच्या पाळकांना लगेच सांग. त्यांनी झाकायचा प्रयत्न केला तर १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला स्वतः फोन कर. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे, मग सांगणारा पाळक असो की पोहे करणारी.

तेव्हा बैठकीचं पुढं बघू. आधी त्या मुलीचं काय ते मला या आठवड्यात कळव.
– मावशी